शेजाऱ्यांची एकुलती एक क्रिब

मला आनंद झाला की तो चार घरं पलीकडे ऐकू जातो, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. ते खरंच आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातलं अकरा वर्षांचं बिऱ्हाड उचलून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सेंट्रल ओटागोतल्या एका कोरड्या ठणठणीत शहरात जायची संधी आली, तेव्हा घरातल्या तिघांपैकी मी एकटीच नाचत होते. बागांना आणि द्राक्षमळ्यांना पाणी पोचवण्याची आखणी करणाऱ्या कंपनीत मला इंजिनीअरची नोकरी मिळाली होती. असं काम मी या देशात आल्यापासून शोधत होते. नवरा आयटीतला, लॅपटॉप उघडला की त्याचं ऑफिस सुरू. त्याने फक्त तिथलं इंटरनेट कसं आहे एवढं विचारलं. मुलगी तेरा संपवून चौदाव्यात शिरलेली. तिने तीन दिवस माझ्याशी बोलणंच टाकलं.

चौथ्या दिवशी तह झाला. एक वर्ष राहून बघायचं. जॉन्सनव्हिलचं घर विकायचं नाही, वर्षभरासाठी भाड्याने द्यायचं. वर्ष संपताना तिघांनी मत द्यायचं, आणि एकाचंही मत ‘नाही’ असं पडलं तर मी नोकरी सोडायची आणि सगळ्यांनी निमूट परत जायचं. ही अट मुलीने घातली आणि नवऱ्याने लगेच मान्य केली. मी पण केली. म्हणजे माझी नोकरी आणि माझं ते सगळं नवं आयुष्य एका रुसलेल्या मुलीच्या हातात होतं, पण मला काडीचीही काळजी वाटली नाही. एकदा ते शहर दाखवलं की ती विरघळेल, याची मला खात्री होती.

रोजची कुरकुर ऐकून माझं डोकं फिरू नये म्हणून मी एक युक्तीही काढली. नव्या घरातल्या फ्रिजवर मॅग्नेटने एक ब्राउन पाकीट लावलं आणि वर मार्करने लिहिलं, ‘क्रिब्स’. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत शिकलेल्या माझ्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. क्रिब म्हणजे कुरकुर, रडगाणं. ‘किती क्रिब करतेस गं’ हे वाक्य आम्ही हॉस्टेलच्या मेसमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकायचो. मी मुलीला म्हटलं, तुझ्या सगळ्या क्रिब्स चिठ्ठीवर लिहायच्या आणि यात टाकायच्या. आम्ही वर्ष संपेपर्यंत उघडणार नाही. तिने त्याच मिनिटाला पहिली चिठ्ठी लिहून आत टाकली.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही आलो. फेरीबोटीने सामुद्रधुनी ओलांडली आणि मग दोन दिवस गाडी हाकली. न्यूझीलंडमध्ये हिरव्या रंगाची इतकी सवय झालेली असते की तो दिसेनासाच होतो. इथे तो मैलामैलाने कमी होत गेला. आधी पिवळट झाला, मग करडा, आणि शेवटी नुसते तपकिरी डोंगर, त्यांच्या पाठीतून वर आलेले थरांथरांचे काळे खडक, आणि त्यांच्याही मागे पांढऱ्याशुभ्र बर्फाची रांग. मी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडले, “बघ, बघ, बघ!”

“आई, इट्स जस्ट ब्राउन,” मागच्या सीटवरून उत्तर आलं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीतच. मग हेडफोन चढले.

शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय?’ या प्रश्नाला मी दर वर्षी पूर्ण मार्क मिळवले. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि डोंगर उतरून गेलं की माण-खटाव कोरडे, हे उदाहरण तोंडपाठ. आता मी त्या उत्तरातच राहायला आले होते. पश्चिमेकडचे मोठे डोंगर समुद्रावरून येणारा सगळा पाऊस पिऊन टाकतात आणि आमच्या खोऱ्याला उरतं ते निळंभोर आकाश. उन्हाळ्यात पारा पस्तिशीला टेकतो, हिवाळ्यात शून्याच्या खाली उतरतो. समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. मधून एक हिरवट निळी नदी वाहते, आणि समोरच्या डोंगराच्या खडकात बसवलेलं भलंमोठं घड्याळ सगळ्या शहराला वेळ सांगत असतं. मुंबईच्या माणसाने याला गाव म्हटलं असतं. पण पन्नास-साठ किलोमीटरवरच्या मेंढ्यांच्या शेतांवरून माणसं खरेदीला, डॉक्टरकडे, केस कापायला इथेच येतात आणि ‘टाउनला जातो’ म्हणतात. मीही आठवड्याभरात तसंच म्हणू लागले.

आणि तो कोरडेपणा! वेलिंग्टनला ज्याने अकरा हिवाळे ओले टॉवेल वापरले आहेत त्यालाच माझा आनंद कळेल. तिथे कपाटाच्या मागे बुरशी धरायची, मीठ बरणीत दगड व्हायचं आणि चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडायचा. इथे दोरीवर टाकलेल्या चादरी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकाला जाईपर्यंत वाळायला लागायच्या. चिवडा पंधरा दिवसांनीही कुरकुरीत. मी तो बशीत घेऊन घरभर फिरले, कान लावून ऐकायला सांगितला. मुलीच्या नाकातून त्या आठवड्यात दोनदा रक्त आलं होतं आणि ओठ फुटले होते. तिने बशीकडे पाहिलं नाही.

मी हरले नाही. पहिल्याच रविवारी तिला डोंगरावर ओढत नेलं. चढताना पायाखाली खुरटी झुडपं चिरडत होती आणि एकदम मला आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघराचा वास आला. ओवा! मी खाली बसून मूठभर पानं चुरगळली. नक्की ओवाच. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की ती थाइम नावाची रानटी मसाल्याची वनस्पती होती, सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी इथे आणलेली, आणि तिच्यात नि ओव्यात वासाचा अर्क एकच असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती फुलली आणि अख्खे डोंगर जांभळे झाले. मी रोज ऑफिसातून येताना गाडी थांबवून फोटो काढायचे आणि ते मुलीला पाठवायचे. ती शेजारच्या खोलीत असली तरी पाठवायचे. दारं आपटायची, आणि फ्रिजवरचं पाकीट फुगत होतं.

जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, मी वाळवणं घालायला काढली. इतकं कडकडीत ऊन आणि हवेत ओलावा नाही, हे वाया घालवणं माझ्याच्याने होईना. तीन दिवस गहू भिजवले, वाटून चीक काढला, शिजवला, आणि सोऱ्याने कुरडया घातल्या. साबुदाण्याच्या पापड्या केल्या, बटाट्याचा कीस केला. घालायच्या कुठे? गच्ची नाही. पण मागच्या अंगणात घरमालकाने ठेवलेली उड्या मारायची ट्रॅम्पोलिन होती, चहूबाजूंनी जाळी असलेली. खालून वारा, वरून ऊन, मांजर नाही, पक्षी नाही. अशी जागा पुण्यात कुणाला मिळाली नसेल! मी तिच्यावर जुनी सुती साडी पसरली आणि रांगोळीसारख्या कुरडया मांडल्या. दुपारपर्यंत एका बाजूने सुटल्या, दुसऱ्या दिवशी खडखडीत.

“दॅट्स माय ट्रॅम्पोलिन,” मुलगी म्हणाली.

“तू तर बसतही नाहीस तिच्यावर!”

“बट आय माइट,” असं म्हणून ती चिठ्ठी लिहायला आत गेली.

त्याच दुपारी शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर जर्दाळूची बाग केलेला आणि आता बाग मुलांवर सोपवून शहरात राहायला आलेला माणूस. पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, हातात जर्दाळूंची बादली. ‘किआ ओरा’ असा माओरी नमस्कार केला, कुरडयांकडे बराच वेळ पाहिलं आणि ही पक्ष्यांची घरटी आहेत का, असं विचारलं. मी तळून आणलेल्या दोन खायला दिल्या. ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, मुलगी रुळली का?

मी मोकळेपणाने सांगून टाकलं, “ओह, शी हॅज हीप्स ऑफ क्रिब्स.”

आजोबांच्या भुवया वर गेल्या. “हीप्स?”

“पाकीट भरलंय,” मी म्हणाले. “सगळे कागद तिने त्यात ठेवलेत. दर आठवड्याला एक-दोन वाढतात.”

“या वयात?”

“हे वयच तसं असतं.”

त्यांनी बादली खाली ठेवली. मग त्यांनी जरा बिचकतच विचारलं, “आणि तुम्हा दोघांच्या?”

“माझी एकही नाही,” मी अभिमानाने म्हणाले. “नवऱ्याच्या दोन-तीन असतील, पण तो बोलून दाखवत नाही.”

“आमची एकच आहे,” आजोबा म्हणाले. “माझ्या आजोबांपासून चालत आलेली. त्यांनी ती वडलांना दिली, वडलांनी मला.”

माझं मन भरून आलं. तीन पिढ्या जपलेली एकच तक्रार! नक्की जमिनीचं असणार, मला वाटलं, बांधावरून भाऊबंदकी. असं आमच्याकडेही होतं. मी कुंपणावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले, “आता या वयात सोडून द्या. मनाला शांतता मिळेल.”

“सोडू?” ते एकदम तापले. “मुलंही तेच म्हणतात, विकून टाका. मी मेलो तरी विकणार नाही! गेल्याच उन्हाळ्यात मी तिच्यावर नवं छप्पर घातलंय.”

छप्पर?

माझ्या मागे काहीतरी धप्पकन पडलं. मुलगी मागच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती, आणि आता ती पोट धरून गवतात लोळत होती. इथे आल्यापासून पहिल्यांदा ती हसत होती, तेही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आई! इन ओटागो अ क्रिब इज अ हॉलिडे हाउस! ही थिंक्स आय ओन लाइक फॉर्टी हाउसेस!” वेलिंग्टनकडे, उत्तरेच्या बेटावर ज्या सुट्टीतल्या घराला ‘बॅच’ म्हणतात, त्याला इथे क्रिब म्हणतात, हे तिला शाळेत पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी बोलत असेन.

आजोबांना सगळा उलगडा झाला तेव्हा त्यांना कुंपण धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत ते माझ्या मुलीला म्हणाले, “चाळीस घरांच्या मालकिणीला आमची एकच चालेल का?” आणि फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला आम्हाला क्रिबवर यायचं निमंत्रण मिळालं.

क्रिब म्हणजे डोंगरांच्या कुशीतल्या तळ्याकाठी पत्र्याची दोन खोल्यांची झोपडी. बंक बेड, लाकडाची शेगडी, संडास बाहेर, फोनला रेंज नाही. मी वेडीच झाले. तळ्यात डोंगर उलटा दिसत होता, तो मी सगळ्यांना दाखवला. बर्फाचा पट्टा दाखवला. पाण्यातले गोल दगड दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आजोबा आणि माझी मुलगी काठावरच्या एका खडकावर शेजारी शेजारी बसले होते. हातात मग, तोंड तळ्याकडे. मी खिडकीतून पाहत होते. अर्धा तास झाला, एक तास झाला, दोघांत एक शब्द नाही. पोरगी बिचारी कंटाळली असणार, मला वाटलं. मी बिस्किटांचा पुडा घेऊन धावत गेले आणि म्हणाले, “बघ, धुकं कसं वर चाललंय!” मुलगी उठली आणि आत गेली. आजोबांनी एक बिस्कीट घेतलं.

मग हिवाळा आला आणि वर्ष संपत आलं. जॉन्सनव्हिलच्या भाडेकरूंना महिनाअखेर कळवायचं होतं. जुलैच्या सुट्टीतल्या एका रविवारी जेवण झाल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मी त्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी केली होती, म्हणजे लाच दिली होती. नवऱ्याने पाकीट काढलं आणि तिच्या इंग्रजी चिठ्ठ्या मराठी करत वाचायला घेतल्या.

पहिली होती, ‘ओठ फुटतात.’ तिच्यावर रेघ मारलेली होती. ‘शाळेत कुणी ओळखीचं नाही’ हीही खोडलेली. ‘बस नाही’ खोडलेली, शेजारी लिहिलेलं, ‘सायकल इज स्वीट ॲज’, म्हणजे सायकल झकास. तिने कधी या चिठ्ठ्या गुपचूप बाहेर काढून खोडल्या, मला पत्ताच नव्हता. एकेक रेघ ऐकून माझं काळीज उड्या मारत होतं. ट्रॅम्पोलिनवरच्या पापड्यासुद्धा माफ झाल्या होत्या! मी नवऱ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तो मात्र पुढची चिठ्ठी हातात धरून थांबला होता.

“वाच की,” मी म्हणाले.

त्याने वाचली. “आई म्हणते, बघ.” पुढची उघडली. तेच वाक्य. त्याच्या पुढचीही तीच. तारखा वेगळ्या, वाक्य एकच, आणि एकावरही रेघ नाही. मग एक जरा मोठी चिठ्ठी होती, फेब्रुवारीची. ‘खडकावर मला खूप छान वाटत होतं. मग आई बिस्किटं घेऊन आली.’ आणि सगळ्यात तळाशी, पहिल्या दिवशी टाकलेली नव्हे तर अगदी अलीकडची वाटणारी एक, ‘मला हे बहुतेक आवडलं असतं. पण ती इतक्या जोरात आवडून घेते की माझ्यासाठी काही उरतच नाही.’

मी चिडले. अगदी खरं सांगते, आधी चिडलेच. वर्षभर मी हिच्यासाठी मर मर मरतेय, डोंगर चढतेय, फोटो काढतेय, आणि माझी हौस हीच हिची तक्रार? मी उठून भांडी आपटायला लागले. नवरा शांतपणे म्हणाला, “तू सिनेमा बघताना शेवट सांगून टाकतेस ना, तसं आहे हे.” त्याला काही बोलणार होते, पण मागे वळून पाहिलं तर मुलगी रडत होती. आवाज न करता, पुरणपोळीच्या ताटाकडे बघत. तेव्हा माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी नळ चालूच ठेवून उभी राहिले.

मग नळ बंद केला आणि तिच्या समोर बसले. वर्षभरात जो प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता, तो विचारला. “तुला इथे राहायचंय का गं?” आणि विचारून गप्प बसले. पाच-सहा वेळा तोंडाशी आलेलं गिळलं.

“कॅन आय टेल यू टुमॉरो?” ती म्हणाली.

“सांग,” मी म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले आणि खिडकीचा पडदा सरकवला. तीन दिवस खोऱ्यात तुंबून राहिलेलं धुकं झाडांवर गोठलं होतं. याला इथे होअर फ्रॉस्ट म्हणतात, आणि आम्ही आदल्या वर्षी आलो तेव्हा त्याचे दिवस संपले होते, त्यामुळे मी फक्त ऐकून होते. नदीकाठच्या विलोच्या झाडांची काडी न् काडी पांढरी. तारांचं कुंपण पांढरं. ट्रॅम्पोलिनच्या जाळीच्या प्रत्येक दोऱ्यावर बोटभर बर्फाचे काटे, आणि त्यावर नुकतंच ऊन येत होतं. जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. सगळं अंग ओरडायला निघालं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीकडे पाठ केली, चहाचं आधण ठेवलं, आलं किसायला घेतलं. एवढं दात आवळून मी बाळंतपणातही गप्प राहिले नव्हते. मागे पावलं वाजली. मुलगी ब्लँकेट गुंडाळून आली आणि खिडकीशी थांबली. मी आलं किसत राहिले, हवं होतं त्याच्या चौपट किसलं. ती काही बोलली नाही. मीही नाही. एक मिनिट गेलं असेल, मला ते वर्षभराचं वाटलं.

“आई,” ती म्हणाली, “बघ ना.”

मराठीत म्हणाली. मी हात पुसले, वळले, आणि आधी काहीच पाहिलेलं नसल्यासारखी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने मला विलो दाखवला. मग कुंपण दाखवलं. मग जाळीवरचा एकेक दोरा बोटाने दाखवला, आणि मी तो पाहिला.

“असं नेक्स्ट इयर पण होतं?” तिने विचारलं.

“माहीत नाही गं.”

“मग राहू या,” ती म्हणाली. “देन वी’ल नो.”

मी हो म्हणाले, हळू आवाजात, शेजारच्या घरातही ऐकू जाणार नाही असं. गॅसवर चहा उतू गेला, तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.